कोरसमध्ये डावीकडून तिसरी

चेंदणीच्या बोळात हिल्डा मिस राहायच्या, पहिल्या मजल्यावर.
खाली सुकटाचा वास, वर पियानो,
त्यातली मधली एक पट्टी मुकी.
बोट दाबलं की नुसतं लाकूड बोलायचं.
म्हणायच्या, "तो सूर तू आण गो,
हा म्हातारा झालाय."

मी ऐरोलीहून यायचे, बस बदलून.
पहिले तीन महिने एकही गाणं नाही.
फरशीवर उताणी, पोटावर टेलिफोनची जाडजूड डिरेक्टरी.
श्वास घेतला की अख्खं ठाणं वर,
सोडला की खाली.
आई विचारायची, आज काय शिकवलं?
मी म्हणायचे, झोपायला.
"त्याचे चारशे रुपये?"

मग इटालियन आलं. शब्द कळायचे नाहीत,
मी ते पाढ्यांसारखे पाठ करायचे.
मिसनी वही बंद केली.
"ती म्हणते, रात्रभर दार उघडं ठेवलंय, ये.
आणि तू म्हणतेस
जसं दूधवाल्याला सांगावं, उद्या अर्धा लिटर कमी."

पावसाळ्यानंतर त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं.
गाठ निघाली, बरोबर आवाजही.
उरली एक कुजबुज, कागद चुरगळल्यासारखी.
मला वाटलं, क्लास संपला.
सोमवारी गेले तर त्यांनी दोन बोटं माझ्या बरगडीवर ठेवली
आणि मान हलवली: गा.
बोटं दाबायची, बोटं थांबायची,
एकदा चुकले तेव्हा चिमटा.
इतकं नेमकं कुणी मला
त्याआधी ऐकलं नव्हतं.

पुढची अकरा वर्षं मी कोरसमध्ये.
गावकरी, कैदी, लग्नातली वऱ्हाडी,
डावीकडून तिसरी, डोक्यावर कुणाचातरी जुना स्कार्फ.
मग एका दुपारी फोन: मुख्य बाईंचा घसा बसलाय,
तुला सगळं येतं ना?
येत होतं. दुसऱ्यांचंच तर पाठ केलं होतं इतकी वर्षं.

त्या रात्री तो वरचा सूर लागला.
लोक उठून उभे राहिले, मीही मनातून.
मिस शेवटच्या रांगेत, भाच्याबरोबर आलेल्या,
पर्समध्ये खोकल्याच्या गोळ्या, कागद आधीच सोडवलेले,
मध्येच चुरचुर नको म्हणून.
मी वाट पाहत होते, सुराबद्दल काय म्हणतात.
कानाशी येऊन कुजबुजल्या,
"वर जाण्याआधी घाबरलीस, दोनदा श्वास घेतलास.
पण तो गात होता तेव्हा तू ऐकत होतीस.
खरंच ऐकत होतीस.
ते शिकवता येत नाही गो."

मुख्य बाईंचा घसा चार दिवसांत सुटला.
मी परत तिसरी.
वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?
बसमध्ये ऐरोलीचा पूल येईपर्यंत रडले,
मग खाडीचा वास आला आणि भूक लागली.

आता नेरूळला शिकवते, टू बीएचकेच्या हॉलमध्ये.
सोसायटीची नोटीस आहे: दुपारी दोन ते चार शांतता.
कीबोर्ड नवा, सगळ्या पट्ट्या आज्ञाधारक.
काल शर्विलची आई आली होती. तो तेरा वर्षांचा,
आवाज फुटतोय, मधूनच कोंबडा.
तिला टीव्हीच्या स्पर्धेचा फॉर्म भरायचाय, पुढच्या महिन्यात.
मी म्हटलं, दीड वर्ष त्याला जोर लावू देऊ नका.
हळू गुणगुणू दे. वाट पाहा.
ती म्हणाली, मॅडम, मग तुम्ही फी कशाची घेता?

खरं तर याचीच,
पण हे तिला सांगायचं कसं?
बाकीच्या महिन्याचे पैसे परत दिले.
शर्विल चपला घालताना माझ्याकडे बघत नव्हता.
पलीकडच्या सेक्टरमध्ये दुसरा क्लास आहे,
तिथे नाही म्हणत नाहीत.

संध्याकाळी मी दार लावलं.
डिरेक्टरी आता छापत नाहीत,
तांदळाची पाच किलोची पिशवी आहे.
फरशीवर उताणी झाले, ती पोटावर घेतली.
वर.
खाली.
अजून झोपायला शिकतेय.